खरी कोणती?

चिंचवडच्या एका जैन कुटुंबातील थोरले गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात मिशिगनला, थोरल्या मुलाकडे दोन महिने राहून आले. वय एकाहत्तर. त्यांपैकी चाळीस वर्षे पिंपरीत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलेली. धाकट्या मुलाने दुकानाला जोड म्हणून भोसरीच्या एमआयडीसीत दोन लेथ मांडले आणि पुढे वाढत्या कामासाठी चाकणला शेड घेतली. थोरला अभियंता, डेट्रॉइटजवळ मोटारींच्या सुट्या भागांच्याच व्यवसायात पंधरा वर्षे नोकरीस. म्हणजे समुद्र ओलांडूनही घराण्याचा धंदा एकच राहिला, असे हे गृहस्थ कौतुकाने सांगत असत.

तिसऱ्या दिवशी मुलाने त्यांना तळघरात नेले. तेथे भिंतीला बोल्टने घट्ट केलेली पुरुषभर उंचीची लोखंडी तिजोरी होती. व्यापाऱ्याच्या मनात पहिला विचार सोन्याचा आला. दार उघडले तेव्हा आत हिरव्या बनातीवर पाच बंदुका उभ्या होत्या.

ते काही क्षण बोललेच नाहीत. ज्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, पाणी गाळल्याशिवाय घेतले जात नाही, त्या घराच्या मुलाकडे हे? शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "मम्मीला माहीत आहे?"

"नाही, पप्पा. आणि ह्या चालवण्यासाठी नाहीत. गेल्या सहा वर्षांत एकदाही गोळी झाडलेली नाही. हा संग्रह आहे."

तेवढ्यात आठ वर्षांचा नातू मधे शिरला आणि तिसऱ्या बंदुकीकडे बोट दाखवून म्हणाला, "दादाजी, ही खरी आहे. बाकीच्या पूर्ण खऱ्या नाहीत."

आजोबांच्या काळजात धस्स झाले. बाकीच्या खेळण्यातल्या आणि ही तेवढी माणूस मारणारी, असा अर्थ त्यांनी लावला. मारण्याच्या दृष्टीने पाचही सारख्याच खऱ्या होत्या. नातवाला म्हणायचे होते ते निराळेच, आणि ते समजायला आजोबांना पुढचे दोन आठवडे लागले.

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची बंदूक. घोडेस्वाराला लांब बंदूक सावरत नाही, म्हणून नळी कापून हा प्रकार रूढ झाला. पुढे मोटारीतून, विमानातून, अरुंद गल्लीतून लढणाऱ्यांनी तो उचलला. आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात ब्रिटिश स्टर्लिंगच्या धर्तीवर बनलेली नऊ मिलिमीटरची कार्बाइन पोलिसांच्या खांद्यावर अनेकांनी पाहिली असेल. मुलाच्या तिजोरीतील चार कार्बाइन मात्र दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन 'एम-वन' जातीच्या होत्या: वजन सुमारे अडीच किलो, लांबी नव्वद सेंटिमीटर, नळी अठरा इंचांना किंचित कमी. पाचवी आजच्या सैनिकी 'एम-फोर'च्या धर्तीची, काळी, नव्या काळातली.

या एम-वनची हकीकत ऐकताना वडिलांचा राग हळूहळू मागे पडला, कारण ती हकीकत बंदुकीची कमी आणि सुट्या भागांची जास्त होती. १९४१ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सैन्याने ही रचना स्वीकारली आणि युद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून अधिक नग तयार झाले. एवढ्या बंदुका बनवणार कोण? मुख्य कंत्राटदार दहा. त्यांत बंदुकांचा जुना कारखाना म्हणावा असा एक विंचेस्टरच. बाकी अंडरवुड टंकलेखन यंत्रे बनवी, आयबीएम हिशेबाची यंत्रे, रॉक-ओला शिकागोत नाणे टाकून गाणे वाजवण्याच्या पेट्या, नॅशनल पोस्टल मीटर टपालाची यंत्रे. सर्वांत मोठा वाटा उचलला जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाने. ओहायोतील डेटन शहरात त्याने सव्वीस लाखांहून अधिक कार्बाइन बनवल्या. मिशिगनमधील सॅगिनॉ स्टिअरिंग गिअर हा त्याच जनरल मोटर्सचा दुसरा विभाग. नावाप्रमाणे तो मोटारींचे स्टिअरिंग बनवीत असे.

"म्हणजे आपल्या भोसरी-चाकणसारखेच की," वडील म्हणाले.

ते खरेही होते. जी जनरल मोटर्स २००८ पासून चाकणच्या शेजारी तळेगावला मोटारी बनवीत होती, डिसेंबर २०२० मध्ये जिने तेथील उत्पादन थांबवले आणि जिचा कारखाना पुढे हुंदाईने घेतला, तिचाच हा पूर्वेतिहास. साच्यात ओतकाम करणारा एक, घासणारा दुसरा, उष्णता प्रक्रिया करणारा तिसरा आणि जुळणी करणारा चौथा, ही रीत पिंपरी-चिंचवडच्या उद्योजकाला शिकवावी लागत नाही. ड्रॉइंग एक आणि टॉलरन्स एक असले, की माल कोणत्या शेडमधून आला हे गाडीला कळत नाही. एम-वनचेही तसेच होते. दहाही कारखान्यांचे भाग एकमेकांत बसले पाहिजेत, ही अटच होती. एकाकडे नळ्या कमी पडल्या तर दुसऱ्याकडून येत. म्हणून प्रत्येक भागावर बनवणाऱ्याचे अक्षर ठोकलेले असे: इनलँडचा आय, विंचेस्टरचा डब्ल्यू, अंडरवुडचा यू, आयबीएमचा बी.

संग्राहकांचा सारा वाद या अक्षरांतून निघतो. युद्धानंतर सैन्याने लाखो कार्बाइन डेपोत परत आणून खोलल्या, भाग तपासले आणि हाताला लागेल तो भाग लावून पुन्हा जुळवल्या. त्यामुळे बाहेर इनलँडचे नाव, आत घोडा अंडरवुडचा, नळी तिसऱ्याची, दस्ता चौथ्याचा, असा प्रकार सर्रास आढळतो. मग संग्राहक वर्षानुवर्षे जुन्या बाजारांतून योग्य अक्षरांचे भाग शोधतो आणि एकेक बदलून बंदूक 'शुद्ध' करतो. नातवाने 'खरी' म्हटलेली ती तिसरी, सॅगिनॉची. तिच्यातले सर्व भाग एकाच घराचे होते.

दर शनिवारी मुलाकडे तिघे-चौघे मित्र जमत. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ आयुष्यभर यंत्रशाळेत कातारी होते, एक शाळामास्तर आणि एक आंध्रातून आलेला संगणक अभियंता. चहा-खाकऱ्याबरोबर वाद रंगे. मास्तरांचे म्हणणे, भाग शोधून शोधून शुद्ध केलेली कार्बाइन ही सजवलेली लबाडी आहे. डेपोत मिसळलेली कार्बाइनच तिचा खरा इतिहास सांगते. कातारी म्हणत, कारखान्यातून निघाली त्या रूपात परत आणणे यात लबाडी कसली? मुलगा दोघांच्या मधे. एकदा त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या वडिलांना विचारले. वडील मराठीत मुलाला म्हणाले, "यांना सांग, आमच्या दुकानात हा प्रश्न रोज येत असे. एकाच कारखान्यातला पिस्टन रिंगचा संच. मोटार कंपनीच्या खोक्यात घातला की जेन्युइन, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात घातला की निम्म्या किमतीचा. आणि तिसऱ्याने खोकेच छापले की डुप्लिकेट. पहिल्या दोघांत माल एक, नाव दोन. तिसऱ्यात नाव एक, माल दोन. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच दिसतात." हे भाषांतर ऐकून कातारी आजोबांनी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

दुसरा वाद नळीच्या लांबीचा, आणि तो पाचव्या, काळ्या बंदुकीवरून होई. सैन्याच्या एम-सिक्सटीनची नळी वीस इंच. तिचीच आखूड बहीण एम-फोर, तिची साडेचौदा. नळी आखूड केली की वागवायला सोपी, पण दारूचा जोर गोळीला पुरता लागण्याआधीच ती बाहेर पडते. वेग घटतो, आवाज आणि जाळ वाढतो. नागरिकाला मात्र साडेचौदा इंचांची सहज मिळत नाही. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याने आखूड रायफलीवर सरकारी नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लादला. रायफलीची मर्यादा तेव्हा अठरा इंच होती, १९६० मध्ये ती सोळावर आली. म्हणून बाजारातल्या नागरी कार्बाइनची नळी सोळा इंचांची असते. ज्याला सैनिकी रूप हवेच, तो साडेचौदाच्या नळीच्या तोंडाशी एक जोड कायमचा जडवून एकूण लांबी सोळा भरवतो. तो जोड मोजायचा की नाही, सोळा इंचांची ही नक्कल आहे की साडेचौदाचीच अस्सल, नळीवरचा शिक्का कोल्टचा की दुसऱ्या कुणाचा, यावर दोन-दोन तास जात. वडिलांनी एकदा विचारले, "हा दीड इंच कशासाठी?" मुलगा म्हणाला, "कायद्यासाठी." "आणि तुझ्यासाठी?" मुलगा हसला, पण त्याला उत्तर सुचले नाही.

भारतात हा छंद उभाच राहू शकत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने स्वयंचलित आणि सैनिकी जातीची शस्त्रे सामान्य नागरिकाला बंद आहेत. परवान्यावर पूर्वी तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनवर आल्या. परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. वापरता न येणाऱ्या, पुरातन मूल्याच्या जुन्या शस्त्रांना सवलत आहे, पण ज्याला जुनी शस्त्रे पाहायची त्याने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची वाट धरावी हेच सोयीचे. तरी शस्त्र आपल्या परिसराला परके नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. देहूरोडला सैन्याचे भांडार. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये शाइस्तेखानाने सुरुंगाने बुरूज उडवून घेतला, तोवर फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला होता. आज त्या गढीभोवती कांद्याचा बाजार आणि मोटारींच्या कारखान्यांची वर्दळ आहे.

जुलैच्या सुरुवातीला मुलाने एक कार्बाइन विकत घेण्यासाठी पाहायला आणली. तिच्यावर आयर्विन-पेडरसन हे नाव होते. ही ग्रँड रॅपिड्सची कंपनी. हिने जेमतेम साडेतीन हजार कार्बाइन बनवल्या. सैन्याने त्यांतली एकही स्वीकारली नाही, कंत्राट काढून घेतले आणि ते काम सॅगिनॉकडे दिले. जी कंपनी सर्वांत अयशस्वी, तिच्या नावाला आज सर्वांत जास्त भाव. मुलाने सांगितलेला आकडा रुपयांत केल्यावर वडिलांना भोसरीचा पहिला लेथ आठवला. तो याहून स्वस्तात आला होता.

"बघू," म्हणून त्यांनी चष्मा पुसला. दुकानात बेअरिंगची पारख करण्यासाठी वापरत ते छोटे भिंग त्यांच्या पाकिटात अजून होते. बनवणाऱ्याचे नाव मागच्या दृष्टीसाधनाच्या खाली दडलेले असते; मुलाने ते उतरवून दिले. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अक्षरे आधी ठोकतात की लेप आधी चढवतात?"

"अक्षरे आधी. मग फॉस्फेटचा लेप."

"मग लेप अक्षरांच्या खाचेतही उतरायला हवा. येथे वर लेप जुना, राखाडी आहे. खाचेचा रंग निराळा, काळसर भरलेला. आणि पहिले अक्षर खोल, शेवटचे उथळ. हातोड्याचा हात दमला आहे. कारखान्यात हात दमत नाही."

त्या शनिवारी कातारी आजोबांनीही तेच सांगितले. व्यवहार मोडला. मुलाने वडिलांच्या पायांना हात लावला आणि घरात पुष्कळ दिवसांनी मोकळे हसू आले. वडिलांनाही बरे वाटले. अंथरुणावर पडल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आले, की सारा दिवस आपण बंदूक अस्सल आहे की नाही हेच पाहिले. ती बंदूक आहे, हे दिवसभरात एकदाही मनात आले नाही.

त्याच आठवड्यात चाकणहून धाकट्याचा फोन आला. विजेच्या गाड्या वाढत चालल्या तशी त्यांच्या इंजिनाच्या झडपांच्या मार्गदर्शक नळ्यांची मागणी घटत होती. शेडमध्ये बावीस कामगार, दोन यंत्रे आठवड्यातून तीन दिवस उभी. अशा वेळी तिसऱ्या फळीतल्या एका पुरवठादाराकडून चौकशी आली होती. एक छोटा दंडगोल भाग, चार मायक्रॉनची अचूकता, पाच वर्षांचे काम. ड्रॉइंगवर कशाचा भाग ते लिहिलेले नव्हते, पण धाकट्याने ओळखले होते. सैन्यासाठी ४ लाख २५ हजार नव्या कार्बाइन घेण्याचे ठरले होते. पाषाणच्या एआरडीईने, म्हणजे १९५८ पासून पुण्यात असलेल्या शस्त्रसंशोधन संस्थेने रचलेली आणि पुण्याच्याच भारत फोर्जने घडवलेली कार्बाइन तीत मोठ्या वाट्याची ठरली होती. त्यामुळे अशा कामाची चर्चा साऱ्या पट्ट्यात होती. नवे सीएनसी यंत्र घ्यावे लागणार, त्यासाठी बँकेचे मुदत कर्ज, आणि भागीदार व जामीनदार म्हणून वडिलांची सही.

वडील लगेच म्हणाले, "हे आपले काम नाही."

मागे उभ्या थोरल्याने ते ऐकले. फोन ठेवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, मला तुम्ही सहा आठवडे काही बोलला नाहीत, म्हणून सांगतो. माझ्या बंदुकीने कुणी मरत नाही, तरी ती तुम्हाला पाप वाटते. धाकट्याचा भाग ज्या बंदुकीत जाईल ती सीमेवरच्या जवानाच्या हाती असेल. गृहस्थाला विरोधी हिंसा सुटत नाही, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितलेत. मग कोणते काम जास्त शुद्ध? माझा छंद की त्याचा धंदा?"

प्रश्न कठीण होता, आणि शास्त्र त्याला सरळ हो-नाही देत नाही. श्रावकाच्या आचारात संकल्पपूर्वक केलेली हिंसा वर्ज्य आहे. आत्मरक्षणात, देशरक्षणात घडणारी वेगळी मानली आहे. जैन सेनापती आणि मंत्री इतिहासात झाले आहेत. त्याच आचारग्रंथांत मात्र शस्त्रे इतरांना पुरवणे हे हिंसादान म्हणून अनर्थदंडात मोजले आहे, आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात विषाबरोबर शस्त्रांचा व्यापारही निषिद्ध धंद्यांत आला आहे. कारण उघड आहे: लढणाऱ्याला आपला शत्रू कोण हे माहीत असते, विकणाऱ्याला आपला माल कुणावर चालेल ते माहीत नसते. पण बावीस कुटुंबांची चूल विझली तर ती कोणत्या खात्यात लिहायची, याचे उत्तर वडिलांना कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

दोन रात्री त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी धाकट्याला फोन करून सांगितले, "तुला अडवत नाही. पण माझी सही मिळणार नाही."

सहीशिवाय कर्ज नव्हते, आणि कर्जाशिवाय यंत्र नव्हते. न अडवता अडवणे ते हेच, असे धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. तो चूक होता असे म्हणता येणार नाही. चौकशीची मुदत टळली आणि काम दुसऱ्या शेडला गेले.

थोरल्याशी बोलणे मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी झाले. वडिलांनी बंदुका विकून टाक म्हटले नाही. त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. "तुझ्यानंतर ह्या कुणाच्या? भारतात आणता येणार नाहीत. सुनेला यातले काही कळत नाही. नातवाला अक्षरे पाठ आहेत, पण तिजोरीचा क्रमांक त्याला कधी कळेल, ते तू ठरवले आहेस का? दुकानात आम्ही वर्षाला एकदा साठा मोजत असू. न खपणारा माल किती आणि तो कशासाठी ठेवला, हे लिहावे लागे. तूही लिही." मुलाने वही घेतली. चार नावांपुढे त्याने काही ना काही लिहिले. पाचव्या, काळ्या बंदुकीच्या पुढे कारणाचा रकाना बराच वेळ रिकामा राहिला. ऑगस्टमध्ये ती त्याने विकली. एम-वन चारही अजून तिजोरीत आहेत. तिजोरीचा क्रमांक त्याने बदलला आहे.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. हा मुळात शस्त्रपूजेचा दिवस. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात त्या दिवशी तलवारी कुणाकडे नसतात, लेथ धुतले जातात. चाकणच्या शेडमध्येही झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे झाले. नव्या यंत्रासाठी धाकट्याने जमिनीवर खडूने आखलेला चौकोन तसाच होता. त्यावरून कुणी चालत नव्हते. बावीसांपैकी दोघे कामगार सप्टेंबरात दुसरीकडे गेले होते. दूध संघांना यंत्रे पुरवणाऱ्या एकाकडून झडपांचे काम मिळाले होते, पण दर असा, की उभी यंत्रे चालती राहावीत एवढेच.

पूजा आटोपल्यावर कामगार पांगले. धाकट्याने वडिलांसमोर पेढ्याचे ताट धरले आणि विचारले, "पप्पा, पुढच्या वर्षी पुन्हा अशी चौकशी आली तर?"

वडिलांनी पेढा घेतला. "दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत मी भागीदारीतून निवृत्त होतो आहे. वकिलांशी बोललो. जामीन म्हणून चिंचवडचे घर राहील, ते तुमच्या मम्मीच्या नावावर आहे. पुढच्या वर्षी विचारायचे झाले तर मला विचारू नकोस, तिला विचार."

धाकटा काही वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने ताट लेथवर ठेवले आणि म्हणाला, "ती तर तुमच्यापेक्षा कडक आहे."

"माहीत आहे," वडील म्हणाले, आणि खडूच्या चौकोनाला वळसा घालून बाहेर आले.